शंभर प्रतींची अट

दक्षिण कोलकात्यातील दोन घरे भारतीय कवितेच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. एक रासबिहारी अव्हेन्यूवरील २०२ क्रमांकाचे, बुद्धदेव बसूंचे ‘कविता भवन’. दुसरे लेक गार्डन्समधील, पुरुषोत्तम लाल यांच्या ‘रायटर्स वर्कशॉप’चे. ज्याला प्रकाशक मिळत नाही अशा कवीचे हस्तलिखित आस्थेने वाचावे आणि छापून काढावे, हे काम दोन्ही घरांत चालत असे. तरीही या दोन घरांचे परस्परांशी जमले नाही. ते का जमले नाही, हा प्रश्न मराठी वाचकालाही परका नाही.

बसूंनी १९३५ साली ‘कविता’ हे नियतकालिक सुरू केले आणि ते पाव शतक चालवले. १९४२ मध्ये त्यांनी ‘एक पयसाय एकटि’ ही माला काढली. सोळा पानांची पुस्तिका, किंमत चार आणे. जीवनानंद दास यांचा ‘बनलता सेन’ हा संग्रह प्रथम याच मालेत आला. जीवनानंदांची टवाळी होत होती त्या काळात बसू त्यांची कविता आग्रहाने छापत होते आणि तिच्यावर लिहीतही होते. असा पाठीराखा वेळेवर लाभणे ही कवीच्या आयुष्यातील केवढी गोष्ट असते, हे केशवसुतांकडे पाहिले म्हणजे कळते. त्यांचा संग्रह त्यांच्या हयातीत निघालाच नाही; तो पुढे हरिभाऊ आपट्यांनी काढला.

लाल यांची अडचण वेगळी होती. ते सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. १९५८ साली काही मित्रांसह त्यांनी ‘रायटर्स वर्कशॉप’ स्थापन केले ते इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांसाठी. या लेखकांना विलायतेत कोणी विचारीत नव्हते आणि घरचे लोक त्यांना उपरे मानीत होते. हाताने जुळवलेले खिळे, हातमागाच्या साडीच्या कापडाची बांधणी, मुखपृष्ठावर लाल यांचे स्वतःचे वळणदार हस्ताक्षर अशी ही पुस्तके दिसत. अट एकच: लेखकाने शंभर प्रती स्वतः विकत घ्याव्यात.

या अटीवरून लाल यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. पैसे मोजून कवी होण्याची सोय, असा शेरा मारणे सोपेच होते. वस्तुतः कवितेच्या शंभर प्रती खपवताना भल्या प्रकाशकाचीही दमछाक होते, आणि पदरमोड करून संग्रह काढण्याची रीत मराठीतही जुनीच आहे. लाल यांच्याकडील खरा दोष निराळा होता. त्यांची निवड सैल होती. ‘मौज’च्या परंपरेत श्री. पु. भागवत वा राम पटवर्धन एखाद्या कथेसाठी लेखकाशी ज्या चिकाटीने पत्रव्यवहार करीत, ती चिकाटी येथे क्वचितच दिसते. लाल यांनी दार सताड उघडे ठेवले, आणि त्यातून सुमार पुस्तकेही भरमसाट आत आली.

बसूंचा आक्षेप मात्र याहून मूलगामी होता. स्टीफन स्पेंडर व डोनाल्ड हॉल यांनी संपादिलेल्या १९६३ च्या कोशात त्यांनी भारतीयांच्या इंग्रजी कवितेला भवितव्यच नाही, असा निर्वाळा दिला. लाल यांनी ती नोंद कवींकडे पाठवली, त्यांची मते मागवली आणि १९६९ साली त्या उत्तरांसह कवितांचा एक जाडजूड संग्रहच काढला. वादाला इतके सभ्य आणि इतके खर्चिक उत्तर क्वचितच दिले गेले असेल. गंमत अशी की, लाल यांचे जवळचे सहकारी डेव्हिड मॅककचिअन हे यादवपूर विद्यापीठात बसूंनीच उभारलेल्या तौलनिक साहित्य विभागात शिकवीत होते.

या उघड्या दारातून आत आलेले सारेच काही सुमार नव्हते. आदिल जस्सावाला यांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये लेक गार्डन्सहून निघाला. त्याच जस्सावालांनी पुढे अरुण कोलटकर, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्यासह मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ उभे केले आणि १९७६ साली तेथून ‘जेजुरी’ बाहेर पडली. चार कवींनी एकमेकांचे प्रकाशक व्हावे ही कल्पना कोलकात्याहून आली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण प्रकाशकावाचूनही पुस्तक निघू शकते, याचा अनुभव त्यांच्यापैकी एकाने तेथे घेतला होता, हे खरे.

गौरी देशपांडे यांचे उदाहरण अधिक अवघड आहे. ‘बिट्वीन बर्थ्स’ (१९६८) आणि ‘लॉस्ट लव्ह’ (१९७०) हे त्यांचे इंग्रजी कवितासंग्रह लाल यांनी काढले. पुढे त्या मराठीत कथा-कादंबरीकडे वळल्या, ‘मौजे’ने त्यांची पुस्तके प्रसिद्ध केली, आणि आज त्यांचे नाव टिकून आहे ते या मराठी लेखनामुळे. बसूंना हवी तशी साक्ष येथे सहज मिळते. मात्र ‘एकेक पान गळावया’ हे पुस्तक १९८० साली आले. त्याच्या बारा वर्षे आधी एका तरुण लेखिकेचे हस्तलिखित कोलकात्यातील एका प्राध्यापकाने स्वीकारले होते. त्यांची मराठी नायिका ज्या मोकळेपणाने बोलते, त्याचा सराव त्या इंग्रजी कवितांत किती झाला, हे मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे तपासलेले नाही. लाल २०१० मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात कुटुंबाने हे काम पुढे चालवले.