उपकेंद्राचं देणं

आमच्या आबांना रक्तदाब आणि साखर, दोन्ही होतं. निदान झालं तेव्हा घरात एकच घोर, मोठ्या डॉक्टरांना कधी दाखवायचं? साताऱ्याला नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या लिहून मिळाल्या. पण त्या गोळ्या रोजच्या रोज आबांच्या पोटात जाव्यात याची काळजी वर्षानुवर्षं वाहिली ती आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी. त्यांचं ऋण मी आज जाहीरपणे मानतो.

रक्तदाब दुखत नाही, तिथंच माणूस फसतो. "मला काय बी होत न्हाई, मग गोळी कशाला?" हे आबांचं पालुपद. सिस्टर वाद घालत नसत. "आबा, आत्ताच चहा घेतलाय का? तंबाखू?" घेतला असेल तर अर्धा तास बसवून ठेवत. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर बांधत, मोजताना बोलू देत नसत आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजत. आकडा कार्डावर लिहून आबांनाच वाचायला लावत. १४०/९० च्या खाली राहायचं, हे आबांना त्या कार्डानेच शिकवलं.

गोळ्यांची रिकामी पाकिटं त्या परत मागत. एकदा अ‍ॅम्लोडिपिनचं पाकीट जवळजवळ भरलेलं निघालं. रागावण्याऐवजी त्यांनी आबांच्या पायांकडे पाहिलं. घोट्याला सूज होती, चपलेचा अंगठा रुतत होता. "या गोळीनं काहींना सूज येते. मला सांगायचं, बंद नाही करायची," एवढंच म्हणाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या गोळीचा डोस कमी केला, जोडीला टेल्मिसार्टन दिली. सूज उतरली आणि आकडाही.

त्याच दिवशी बोटं फाकवून बघताना त्यांना करंगळीपाशी चीर दिसली. आबांना तिची जाणीवच नव्हती. साखर मज्जातंतू बधिर करते, जखम कळत नाही, चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. ती वेळ आमच्यावर आली नाही.

आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालण्याचा आबांचा नेम. सिस्टरांनी तो मोडला नाही. गोळ्यांची पुडी बांधून दिली, मोजे आणि बंद बूट घालायला लावले, आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारू नका असं बजावलं. ज्या माणसाला उपचार करायचे त्याचं जगणं त्यांना ठाऊक होतं.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याच्या गोळ्या घराजवळ मोफत, आणि जो आला नाही त्याची यादी, हे त्याचं सूत्र. आबा एखाद्या महिन्यात चुकले की आशाताई दारात हजर. "सिस्टरनी नाव काढलंय, चला." उभा जन्म घ्यायच्या औषधाला असा पाठपुरावाच लागतो. तो शहरातल्या तज्ज्ञांकडून होणं शक्य नव्हतं, कारण आबा आले नाहीत हे तिथं कुणाला कळलंच नसतं.

आबा गेले ते वयोमानाने. पक्षाघात झाला नाही, डायलिसिस लागलं नाही, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालले. यातलं बरंचसं श्रेय एका पट्ट्याला, एका कार्डाला आणि ते नेमाने भरणाऱ्या हातांना आहे.

हे ऋण फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो. गावातल्या सिस्टरची जागा रिकामी असेल तर ती भरण्यासाठी ग्रामसभेत बोला. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला उपकेंद्रात घेऊन जा. रक्तदाब आणि साखर तिथं मोफत तपासतात.