चौदाव्या दिवशी

आज थोडं माझ्याच चुकीबद्दल लिहिते.

आमच्या वर्गातला एक मुलगा लालबागच्या चाळीत राहतो. तो एफ.वाय.ला असताना वडील गेले. चाळीने सगळं केलं. त्या रात्री शेजारून पिठलं-भात आला, तेरा दिवस खोली माणसांनी भरलेली. चौदाव्या दिवशी मुलगा कॉलेजात हजर, कारण 75 टक्के हजेरी हवी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता आईला तूच सांभाळायचंस. रडायचं नाही." आपण सगळेच असं म्हणतो ना? चांगल्या मनानेच म्हणतो.

दोन महिन्यांनी त्याने कोरा पेपर दिला. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, रडायचं कुठे? खोलीत आई समोर. गॅलरीत उभं राहिलं की काकू विचारतात, काय रे, काय झालं? म्हणून करी रोडला गाडीत बसतो, कल्याणपर्यंत जातो आणि परत येतो. गाडीत कोणी विचारत नाही."

केईएम त्याच्या घरापासून चालत जाण्याइतकं. ताप आला की तिथेच जातात. पण मानसोपचार विभागाचं नाव काढलं तर म्हणाला, "आमच्या चाळीतले दोघं तिथे कामाला आहेत." 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, असं मी सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. "मॅडम, कायदा चाळीला लागू होतो का?" आईचं एकच म्हणणं, "माझा मुलगा वेडा नाहीये हो."

मग 14416 वर फोन लावला. ही 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. मोफत, दिवसरात्र, मराठीतूनही. फोन त्याने कॉलेजातल्या रिकाम्या वर्गातून केला, मी बाहेर जिन्यात बसले. पाऊण तास. नंतर आणखी दोनदा केला. पुढे आईच त्याला घेऊन केईएमला गेली.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सांगितलंय. छानच. फक्त त्याची खोली स्टाफरूमच्या समोर नको, एवढं आपण बघू शकतो.

परवा तो वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी रजा मागायला आला. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मी या वेळी काही बोलले नाही. उठून दार लोटलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.