नव्या मॉडेलला कन्हारची कसोटी

सायक्लोक्रॉसची नवी सायकल घ्यावी की जुनीच चालवावी, याचा निवाडा गोंदिया जिल्ह्यात आषाढात करावा. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर कोणतीही सायकल गुणी वाटते. रोवणी लागली, बांध्या भरल्या आणि आमगाव-सालेकसाकडची पांदण ट्रॅक्टरच्या चाकांनी मळून निघाली, की मॉडेलामॉडेलांतला खरा फरक उघडा पडतो. सिहारच्या रेताड मातीचे कण ब्रेकमध्ये शिरून घासत राहतात. कन्हारची काळी माती चाक आणि चिमट्याच्या फटीत थरावर थर ठासते. या दोन मातींपुढे उपयोगी पडेल तेवढ्याच सुधारणेला पैसे मोजावेत, असे माझे मत आहे.

या कसोटीला पूर्ण उतरणारी सुधारणा एकच: डिस्क ब्रेक. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायक्लोक्रॉस स्पर्धांत त्यांना २०१० साली परवानगी दिली. त्याआधीच्या कँटिलिव्हर ब्रेकचे रबर रेतीसकट रिमवर दाबले जायचे, म्हणजे दर पावसाळ्यात थोडे थोडे चाकच खर्ची पडायचे. आता झीज तबकडी आणि पॅडवर येते, आणि तबकडी बदलणे नवे चाक बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तेव्हा हाताशी कँटिलिव्हरची सायकल असेल, तर नवी घ्यायला माझी हरकत नाही. पण जुनीलाच डिस्क असेल, तर पुढची प्रत्येक सुधारणा संशयाने पाहावी. वजनाचेच घ्या. सायकल खांद्यावर टाकून पळावे लागते, मग हलकी नको का, असे कुणी विचारील. हवी. पण कार्बनने वाचवलेले काहीशे ग्रॅम कन्हार पहिल्याच धुऱ्यावर व्याजासह वसूल करते. युरोपातल्या स्पर्धकाला ते परवडते, कारण पिटमध्ये धुतलेली दुसरी सायकल घेऊन त्याचा मेकॅनिक उभा असतो. आपल्याकडे दुसरी सायकलही नसते आणि मेकॅनिकही आपणच असतो. म्हणून इथे फटीची रुंदी हेच खरे हलकेपण. त्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. पांदणीला हा नियम लागू नाही. धानाचे पोते वाहणाऱ्या साध्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीडचा टायर जवळपास ४० मिलिमीटरचा असतो! त्या रुंदीचा टायर बसून वर बोटभर जागा उरत नसेल, तर मॉडेल कितीही नवे असो, ते आपल्यासाठी नाही.

काही बाबतींत तर नवे मॉडेल मागे गेले आहे. ब्रेकच्या नळ्या हँडलखालच्या बेअरिंगमधून आत नेण्याची टूम दिसायला देखणी. पण पाणी शिरून तिथले छर्रे गंजले, की ते बदलण्यासाठी हायड्रॉलिक नळी सोडवून तेल पुन्हा भरावे लागते. देवरीत किंवा अर्जुनी मोरगावात हे काम कोण करणार? उलट पॅडलच्या धुरीसाठी दाबून बसवायच्या वाट्या सोडून काही कंपन्या पुन्हा आट्यांच्या वाट्यांकडे वळल्या आहेत, हे मात्र नव्याच्या बाजूचे वजनदार कारण. जुन्याचे सुटे भाग पुढे मिळणार नाहीत, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण अकरा गिअरची साखळी आणि कॅसेट आजही मागवता येते, आणि दोन संच घरात ठेवले तरी नव्या सायकलीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आता घ्यायला काय हरकत, असेही म्हटले जाते. पण या जातीच्या बहुतेक सायकली बाहेरून येतात, आणि आयात सायकलींवरचे सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पाने ३० वरून ३५ टक्क्यांवर नेले होते. शिवाय वाचलेल्या पाच-सात टक्क्यांनी चिमट्यातली फट काही रुंद होत नाही. तेवढ्या पैशांत जुन्या सायकलीला चांगले ट्यूबलेस टायर आणि नवे पॅड येतात, आणि बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ट्यूबलेसचा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो.