कमरेपासून टाचेपर्यंत

भातलावणीचे दिवस. चिखलात वाकून आवण रोवणाऱ्या बायका संध्याकाळी कंबर धरूनच बांधावर टेकतात. माझी शीर मात्र शेताने नाही, लोकलने धरली. कर्जत ते सीएसएमटी एका बाजूचे सुमारे शंभर किलोमीटर! कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत उतरणारी ही कळ म्हणजे सायटिका, आयुर्वेदातली गृध्रसी. खालापूरकडचे नातेवाईक निर्गुडीचा शेक सांगतात. मी सुया टोचून घेतोय, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर.

चिनी वैद्यकातली मूत्राशयाची वाहिनी जवळपास याच वाटेने जाते: पाठ, गुडघ्यामागचा खळगा, घोटा. खळग्यातला बिंदू ‘वेइजोंग’, कुल्ल्यावरचा ‘हुआनतिआओ’ मात्र पित्ताशयाच्या वाहिनीवरचा. सुई रुतली की पाय जड होतो, मुंग्या येतात. ‘ची’ नावाची शक्ती वाहते वगैरे मला पटत नाही. कळ सुसह्य होते, एवढं खरं. पण मणक्यातली सरकलेली गादी सुईने जागेवर जात नाही, आणि बरीचशी सायटिका काही आठवड्यांत आपणहून ओसरते. मग श्रेय कुणाला द्यायचं?

ही पद्धत आपल्याकडे कशी आली? सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजयकुमार बसू. त्यांनी पुढे १९५९ मध्ये कोलकात्यात ही उपचारपद्धती सुरू केली. महाराष्ट्राने तर तिच्यासाठी कायदाही केला आहे.

पाय लुळा पडू लागला किंवा लघवी अडली, तर मात्र सुया नकोत, थेट इस्पितळ. तोवर काकूंनी आणून दिलेला निर्गुडीचा पालाही बांधतोय.