हातचा एक

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी असलेला आमचा संबंध दहावीच्या उत्तरपत्रिकेबरोबर संपुष्टात आला, आणि त्याचे दुःख उभयपक्षी कोणासही झाले नाही. घरी कोंकणी बोलावी, शाळेत मराठी शिकवावी, सायंकाळी एखादे पुस्तक उघडावे, असा आमचा साधा दिनक्रम. अशा आम्हांला रिलेंचे गणनयंत्र बांधण्याचा नाद लागावा, याचे सहाध्यापकांना अद्याप नवल वाटते.

या नादाचे मूळ व्याकरणाच्या तासात आहे. नववीच्या वर्गात उभयान्वयी अव्यये शिकवीत असता आम्ही ‘आणि’ व ‘किंवा’ यांतील भेद विचारला. शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला. याचे शुद्धलेखन असे, की त्याच्या एका वहीपायी आमचे लाल पेन रिते व्हावे. तो म्हणाला, “सर, ‘आणि’ म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक दोन बटणे. दोन्ही दाबली तरच दिवा लागतो. ‘किंवा’ म्हणजे शेजारी शेजारी दोन तारा, दोहोंवर एकेक बटण. कोणतेही एक दाबा.” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि त्याला खाली बसविले.

रात्री मात्र ते उत्तर आमची पाठ सोडीना. शोध घेता आढळले, की नेमका हाच विचार क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात मांडला होता, आणि आजच्या खिशातल्या मोबाइलपर्यंत सारी संगणकविद्या त्यावर उभी आहे. आम्ही ज्यावर हसलो ते हे!

रिले म्हणजे विजेने दाबले जाणारे बटण. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली, की आतला लोखंडी गाभा चुंबक होतो, समोरची पट्टी ‘टक्’ करून ओढून घेतो, आणि एक जोड सुटून दुसरा जुळतो. एवढेच त्याचे कर्तृत्व. पण १९३७ च्या नोव्हेंबरात बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी असे दोन रिले, विजेरीचे दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घेऊन घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेरीज करणारे यंत्र जुळविले. त्यांच्या पत्नीने त्याचे नाव ‘के’ ठेवले, किचनमधला ‘के’. तिकडे बर्लिनमध्ये कोनराड त्सूसे यांनी आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत आपल्या यंत्रांचा प्रपंच मांडला. पुढे १९४१ साली त्यांनी पूर्ण केलेल्या यंत्रात दोन हजारांहून अधिक रिले होते. १९४३ च्या बॉम्बवर्षावात ते नष्ट झाले. आजही छंदापायी असली यंत्रे बांधणारे लोक आहेत. अमेरिकेतील पोर्टलंडच्या हॅरी पोर्टर या प्राध्यापकांचा संगणक ४१५ रिलेंचा आहे.

आमचा आवाका आठांचा. एका भंगारवाल्याने मोडीत आलेल्या विद्युत्‌पेटीतून काढलेले आठ रिले दिले. प्रत्येकाला चौदा पाय. म्हणजे सांधे एकशे बारा! स्कूटरच्या दोन जुन्या बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टची सोय झाली. तो विद्यार्थी आणि वर्गातल्या दोन मुली रविवारी आमच्या घरी येऊ लागल्या. टेबल अर्थात स्वयंपाकघरातलेच. “जेवचें खंय?” हा घरातून येणारा प्रश्न आम्ही महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखा केला.

या गणितात अंक दोनच, शून्य आणि एक. आमच्या चार दिव्यांची किंमत उजवीकडून एक, दोन, चार, आठ. बेरजेची जोडणी आम्ही त्सूसे यांच्या पद्धतीची घेतली. तिच्यातली एक गोष्ट व्याकरणाच्या मास्तराला फारच भावली. एका स्थानाकडून पुढच्या स्थानाकडे दोन तारा जातात. एक सांगते ‘हातचा आहे’, दुसरी सांगते ‘हातचा नाही’. नकारालाही येथे स्वतःची तार लागते. मौन म्हणजे नकार नव्हे. दोन्ही तारा मुक्या राहिल्या, तर पुढचे दिवे लागतच नाहीत.

शाळेच्या प्रदर्शनात नेमके तेच झाले. एक आणि एक दोन आले, चार आणि चार आठ आले. एका पालकांनी कौतुकाने दोन आणि दोन मागितले, आणि चारही दिवे विझलेले राहिले. पुन्हा केले, पुन्हा अंधार. १९४७ साली हार्वर्डच्या यंत्रातील एका रिलेत पतंग अडकलेला सापडला होता. आम्हीही आशेने किडा शोधला. तो मिळेना, तेव्हा सर्वांदेखत त्या मुलाला म्हणालो, “वहीसारखेच काम केलेस!”

तो काही बोलला नाही. मंडळी पांगल्यावर मात्र एक दिवा हाती घेऊन तो एकेक सांधा तपाशीत बसला. दुसऱ्या स्थानाकडून तिसऱ्याकडे जाणाऱ्या ‘हातचा आहे’ या तारेवर त्याने बोट ठेवले. सोल्डर नुसते वर बसले होते, आत धरले नव्हते. तार लाल होती. मुलांच्या तारा पिवळ्या; लाल तारा आम्ही हौसेने स्वतः जोडल्या होत्या.

आम्ही त्याच्याकडे पाहिले. “जांव दी, सर,” तो म्हणाला आणि इस्त्री तापवू लागला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली. शब्द अडखळले, वर्ग या वेळी हसला नाही. त्याचे शुद्धलेखन अजून तसेच आहे, आणि आमचे लाल पेनही. मात्र आता रविवारी सांधे तो तपासतो, विशेषतः लाल तारांचे. परवा त्याने दोन्ही संख्यांची बटणे दाबली. टक्, टक्, आणि तिसरा दिवा लागला. दोन आणि दोन चार. आतून आवाज आला, “जेवचें खंय?”