सवतीसह नाताळ

मी मूळचा वसईचा. नोकरी बँकेत, त्यामुळे पोट मात्र ज्या गावाला बदली होईल त्या गावचं. १९८२ साली हे पोट कोल्हापुरात होतं आणि तिथल्या तांबड्या रश्शावर बऱ्यापैकी सुखात होतं.

डिसेंबर उजाडला की आमच्या शाखेत एक संवाद ठरलेला असे. हेडकॅशियर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे,

"काय साहेब, यंदा नाताळला कुठं?"

"गावी."

"म्हणजे परदेशात?"

"वसईला."

हे ऐकून ते बिचारे हिरमुसत. आमच्यासारखी आडनावं असलेली माणसं घरी काट्याचमच्यांनी जेवतात आणि झोपेत इंग्रजीत बरळतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. आता पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत आमचा धर्म बदलला, आडनावं बदलली. पण केळीला पाणी द्यायची वेळ बदलली नाही आणि भाऊबंदांशी भांडायची भाषाही बदलली नाही. आम्ही भांडतो मराठीत आणि मग देवाची क्षमा मागतो तीही मराठीत. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. ती साठच्या दशकात मराठीत आली तेव्हा आमचे बाबा जरा नाराजच झाले होते. त्यांचं म्हणणं, "लॅटिन होतं तोवर आपलं काय चुकतंय ते कळत तरी नव्हतं."

तर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांचं कार्ड यायचं. मजकूर दरवर्षी तोच. "तारा बांधून झाला. तुम्ही आल्यावर लावू." बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचा हा तारा बाबा स्वतः बांधत आणि ओट्यासमोरच्या आंब्याला टांगत. आई होती तोवर ती जेवायला वाढताना माणसं मोजायची. ती गेल्यावर मोजणीचं खातं बाबांनी आपल्याकडे घेतलं आणि ताऱ्याला जोडून टाकलं. घरातलं शेवटचं माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय बटण दाबायचं नाही! माझे दोन्ही भाऊ वसईतच. बहीण दिली तीही चार वाड्या सोडून. म्हणजे तारा अडायचा तो फक्त माझ्यापायी.

त्या वर्षी मी गाडी घेतली होती. सेकंडहँड. सौभाग्यवती तिला 'सवत' म्हणे, कारण महिन्याचा अर्धा पगार आणि रविवारची सगळी दुपार मी तिच्याखाली घालवत असे. "यंदा आपण आपल्या गाडीने जायचं," असं मी जाहीर केलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सौ.ने मनातल्या मनात एक प्रार्थना म्हटली. ओठ हलताना मला दिसले.

कोल्हापूर ते वसई म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. माझा हिशोब असा, की पहाटे पाचला निघायचं आणि संध्याकाळी सहाला ओट्यावर चहा प्यायचा. २४ तारखेला आम्ही निघालो साडेआठला. डिकीत गुळाची ढेप, बाबांसाठी कोल्हापुरी चपला आणि मुलांनी "लागतील" म्हणून घेतलेली क्रिकेटची बॅट. मागच्या सीटवर दोन मुलं, आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. ती पावसाळ्यात चार दिवसांसाठी म्हणून आली होती. आणि या सगळ्यांच्या मध्ये, एखाद्या संस्थानिकासारखा, केक. सौ.ने तो घरी कालवून, गल्लीच्या टोकाच्या बेकरीतल्या भट्टीत स्वतः समोर उभी राहून भाजून घेतला होता. जावांना दाखवायचा होता ना!

कराडच्या अलीकडे पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. "सवती-सवतींचं पटतंय बरं का," एवढंच सौ. म्हणाली.

खंबाटकीच्या चढावर रेडिएटरने वाफ सोडली. आता त्या बाजूने पुण्याकडे जायला बोगदा झालाय. तेव्हा घाटाच्या प्रत्येक वळणावर एक तरी गाडी तोंडाचा आ वासून उभी असायची. आम्ही रांगेत सामील झालो. सगळे खाली उतरलो. मी पाण्याचा डबा घेऊन झऱ्याच्या शोधात गेलो. तासाभराने, "बसा रे बसा," असा मी हुकूम सोडला आणि आत्या बसली.

केकवर.

क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग आत्याच म्हणाली, "अगं, सीट किती मऊ आहे गं ही!"

सौ. शिरवळपर्यंत बोलली नाही. पुण्यात दुपारचे अडीच वाजले. जेवण आटोपलं. लोणावळ्याला चिक्की घेण्यात अर्धा तास मोडला, कारण धाकटीला ती प्रत्येक दुकानात चाखून बघायची होती. आणि खंडाळ्याचा घाट उतरताना, काळोख पडायच्या बेताला, फॅनबेल्ट तुटला.

अशा वेळी परकराची नाडी बांधतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. पण केकच्या पार्श्वभूमीवर सौ.कडे नाडी मागायची माझी छाती होईना. शेवटी आत्यानेच सामानातून एक काढून दिली. बहुधा प्रायश्चित्त म्हणून. उतार होता म्हणून त्या नाडीवर, देवाच्या नावाने, आम्ही खोपोलीला पोचलो. मेकॅनिक जेवायला गेला होता. तो आला तर बेल्ट नव्हता. बेल्ट आला तर तो मोठा निघाला. बरोबर मापाचा आला तेव्हा पावणेदहा वाजले होते. "कुठं जायचं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "मग घरी वाट बघत असतील," आणि नुसते बेल्टचे पैसे घेतले. मजुरी घेईना.

तोवर मला घाई होती ती वेळापत्रकाची. त्याच्या त्या वाक्यानंतर पोटात कालवायला लागलं. घरी फोन नव्हता. शेजारीही नव्हता. ट्रंक कॉल करणार तरी कोणाला? पनवेल गेलं, मुंब्रा गेलं. ठाण्याला बारा वाजले. म्हणजे चर्चमध्ये घंटा झाली असणार. मुलं झोपली होती. घोडबंदरचा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी नुसतं जंगल. सौ. हळूच म्हणाली, "बाबांनी तारा लावला असेल ना रे?" मी म्हटलं, "लावला असेल. वेडे आहेत का ते!"

वसईत शिरलो तेव्हा एक वाजून गेला होता. प्रत्येक घरावर तारा. लाल, हिरवे, पिवळे. लोक मिस्सा आटोपून, नव्या कपड्यांत, हसतबोलत घरी परतत होते. आमच्या वाडीच्या वळणावर मी गाडी हळू केली.

आमचं घर अंधारात होतं.

काय काय मनात आलं ते लिहीत नाही. हेडलाइटचा झोत ओट्यावर पडला. तिथे, कोट घालून, टाय बांधून, काठी गुडघ्यांत धरून बाबा बसले होते. उभ्या जन्मात त्यांची मध्यरात्रीची मिस्सा चुकली नव्हती. ती त्या रात्री चुकली.

ते उठले. गाडीत डोकावून त्यांनी माणसं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग एकदा पुन्हा मोजली. तेवढ्यात भाऊ चर्चमधून परतले. थोरला म्हणाला, "अरे, आम्ही संध्याकाळपासून सांगतोय, तारा लावा. पण बल्ब गेलाय म्हणाले. दुरुस्त करून मागून येतो म्हणाले."

बाबांनी आत जाऊन बटण दाबलं. आंब्यावर तारा झगझगीत पेटला.

"बल्ब गेला होता ना?" भावाने विचारलं.

"गेला होता," बाबा म्हणाले. "आला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला ते माझ्याबरोबर आले. नव्या कोल्हापुरी चपलांच्या कर्र कर्र आवाजाने फादर प्रवचनात दोनदा थांबले. जेवणानंतर केक उघडला. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "इतका पातळ आणि तरी मऊ! कसा गं जमवलास?" सौ.ने आत्याकडे पाहिलं. आत्या नेवरी खाण्यात गढून गेली होती.

आता बाबा नाहीत. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, घाटाची कटकट संपली. मी निवृत्त होऊन वसईत त्याच ओट्यावर बसतो. मुलगा पुण्यात असतो. दर नाताळला निघताना फोन, लोणावळ्याहून फोन, ठाण्याहून फोन. "बाबा, ट्रॅफिक आहे, उशीर होईल. तुम्ही तारा लावून जा मिस्सेला. आम्ही कुठे आहोत ते तुम्हाला कळतंय ना फोनवर?"

कळतं. सगळं कळतं.

"अरे लावला असता," मी म्हणतो, "पण बल्ब गेलाय."