दुसऱ्या गटाचं काय झालं?

संपादकांनी लेख मागितला तो नैराश्यावरच्या नव्या औषधांबद्दल. नाकात मारायची केटामीनच्या कुळातली फवारणी, चुंबकीय उपचार, असं काहीतरी आशादायक वाचकांना द्यावं, ही त्यांची इच्छा रास्तच आहे. एस्केटामीनच्या त्या फवारणीला अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली आणि काही रुग्णांना तिचा खरोखर उपयोग होतो. पण माझं मन अडकलं आहे ते दुसरीकडे. एखादा उपचार गुणकारी आहे हे आपल्याला कळतं कसं? देवासच्या मराठी घरात वाढून, पुढे औषधांच्या चाचण्यांत काम करून मी धार जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून स्थिरावले. इतक्या वर्षांत मला सर्वांत कमी वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे.

गेल्या हिवाळ्यात मांडूजवळच्या, नालछा ब्लॉकमधल्या एका फलियातून, म्हणजे पाड्यातून, एक भिलाला आदिवासी बाई आली. अंग दुखतं, हातापायांची आग होते, झोप नाही, चुलीपाशी जायचा जीव होत नाही. 'मेल्यास बरं' हे तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं. मी फ्लुओक्सेटीन ही नैराश्याची गोळी सुरू केली. घरच्यांनी तिला बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडेही नेलं. मी हरकत घेतली नाही. त्याच सुमारास तिचा नवरा गुजरातेतल्या मजुरीवरून परत आला. दीड महिन्यात बाई उठून कामाला लागली. भाऊ म्हणाला, बडव्याने उतरवलं. नर्स म्हणाली, गोळी लागू पडली. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा हिशेब जुळतो. पण तो बडव्याच्या बाजूनेही जुळतो, आणि नवऱ्याच्या परतण्यानेही. ती बरी झाली याचा आनंद आहे. कशाने झाली, हे मला ठाऊक नाही, आणि एका रुग्णावरून ते कोणालाच कधी कळणार नाही.

याचं कारण या आजाराच्या स्वभावात आहे. नैराश्याचा झटका पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. शिवाय माणूस डॉक्टरकडे येतो तो अगदी तळाला गेल्यावर, म्हणजे तिथून थोडं वर येण्याचीच शक्यता जास्त. देव पाण्यात घालून ठेवले आणि पाऊस आला, असं जे होतं ते इथे रोज होतं. म्हणून चाचणीत दोन गट लागतात. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरतं. डॉक्टरच्या मर्जीने नाही, रुग्णाच्याही नाही. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाच्या हातात काय आहे हे रुग्णाला माहीत नसतं, मोजणाऱ्यालाही नसतं. आणि प्लासिबो म्हणजे 'काहीच नाही' असं समजू नका. त्या गटातल्या माणसाला ठरलेल्या दिवशी कोणीतरी भेटतं, झोपेबद्दल, भुकेबद्दल, मरणाच्या विचाराबद्दल नीट विचारतं. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना आयुष्यात हे कोणी विचारलेलं नसतं. त्यानेही माणूस सुधारतो, आणि औषधाला या सुधारणेच्या वर काही करून दाखवावं लागतं.

मोजायचं कशाने, यावर मी थोडी जास्त जागा घेणार आहे. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या रूढ रूपात १७ बाबी आहेत आणि कमाल गुण ५२. औषधांच्या चाचण्यांत आजही ती पुष्कळदा चालते. त्यात झोपेच्या तीन बाबी आहेत, मिळून सहा गुण. म्हणजे नुसती झोप आणणारं औषध, मन जागच्या जागी असतानाही, गुण खाली आणू शकतं. अर्विंग कर्श यांनी २००८ मध्ये चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की औषध आणि प्लासिबो यांच्यात सरासरी फरक दोन गुणांहूनही कमी आहे. तेव्हापासून 'नैराश्याच्या गोळ्या म्हणजे खडीसाखर' असं छापून येतं, आणि दर वेळी माझे काही रुग्ण गोळ्या अचानक बंद करून महिनाभरात जास्त वाईट अवस्थेत परत येतात. याचा मला संताप येतो. दोन गुणांची सरासरी म्हणजे प्रत्येकाला दोनच गुणांचा फायदा, असा अर्थ होत नाही. २०१८ मध्ये सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र पाहिले. त्यातली २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा सरस ठरली. फरक मध्यमही नव्हे, लहानच होता, पण होता. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये, हे इथेच स्पष्ट लिहिते.

मात्र संशय घेणाऱ्यांचं एक म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि ते आमच्या क्षेत्राला लाज आणणारं आहे. २००८ मध्ये एरिक टर्नर यांनी एफडीए या अमेरिकी नियामकाकडे नोंदवलेल्या नैराश्याच्या औषधांच्या ७४ चाचण्या तपासल्या. नियामकाच्या मते ३८ यशस्वी होत्या. त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ फसलेल्या किंवा संशयास्पद होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, आणि ११ अशा रीतीने छापल्या गेल्या की वाचणाऱ्याला त्या यशस्वी वाटाव्यात. प्रामाणिकपणे 'जमलं नाही' असं सांगणाऱ्या फक्त तीन. आमची पिढी पाठ्यपुस्तकांतून जे शिकली ते त्या ३७ आणि ११ वर उभं होतं. त्या २२ चाचण्यांतही माणसांनी विश्वासाने नाव नोंदवलं होतं. निकाल कपाटात ठेवणं ही मी त्या माणसांची फसवणूक मानते.

म्हणूनच मला गोव्याचा अभिमान वाटतो. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ४५० जणांवर एक चाचणी केली. ती २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तीन गट होते: फ्लुओक्सेटीन, प्लासिबो आणि बोलण्याचा उपचार. दोन महिन्यांनी औषध प्लासिबोपेक्षा सरस निघालं, बोलण्याचा उपचार निघाला नाही. ज्यांना समुपदेशन गावोगाव न्यायचं होतं, त्यांनीच हा निकाल जसाच्या तसा छापला.

मग गोव्यातलीच २०१० ची 'मानस' चाचणी आली. १२ सरकारी आरोग्यकेंद्रं, १२ खासगी डॉक्टर आणि त्यांतल्या एका गटाच्या मदतीला गावातूनच तयार केलेले समुपदेशक, हीच नवी पद्धत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नव्या पद्धतीच्या गटातले ६५.९ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचाराच्या गटातले ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत नव्या पद्धतीने ६४.१ टक्के बरे झाले. हा आकडा एकटा दाखवला असता तर टाळ्याच पडल्या असत्या. पण तिथल्या दुसऱ्या गटातलेही ६५.९ टक्के बरे झाले होते! माझा अंदाज असा की खासगी डॉक्टर रुग्णाला आधीपासून ओळखत होते, वेळ देत होते. नव्या पद्धतीला भर घालायला फारसं काही उरलंच नव्हतं. व्याख्यानात कोणी यशाची टक्केवारी सांगू लागलं की मी हेच चार आकडे फळ्यावर लिहिते.

आणि त्यानंतर 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम'. गोव्यातली १० प्राथमिक आरोग्यकेंद्रं, तीव्र नैराश्याकडे झुकलेले ४९५ रुग्ण. मनोविकाराचं कोणतंही शिक्षण नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. उपदेश नाही. काय काय करणं सुटलं आहे ते विचारायचं आणि त्यातलं एखादं लहानसं काम या आठवड्यात पुन्हा सुरू करायला लावायचं: देवळात जाणं, शेजारणीकडे बसणं, अंगण झाडणं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्क्यांचा आजार ओसरला होता, दुसऱ्या गटातल्या ३९ टक्क्यांचा. वर्षानेही फरक टिकला. २००३ च्या अपयशाशिवाय हा उपचार इतका साधा, इतका नेमका झाला नसता, अशी माझी खात्री आहे.

तोच उपचार मग मध्य प्रदेशात आला. देवासला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना तो फोनवरून शिकवता येतो का, हे तपासलं गेलं. भोपाळमधल्या चाचणीचा प्रश्न आणखी पुढचा: कोणत्या रुग्णाला फ्लुओक्सेटीन द्यावं आणि कोणाला हा बोलण्याचा उपचार. मला हा सध्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

पण आमच्याकडे 'चाचणी' म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. त्या भिलाला बाईच्या भावाने मला सरळ विचारलं होतं, "मैडमजी, हम पर दवाई तो नहीं आज़मा रहे?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर इंदूर आहे. तिथल्या औषध-चाचण्यांवरून, मनोरुग्णांवरच्या चाचण्यांसह, मोठं वादळ उठलं. जानेवारी २०१२ मध्ये राज्य शासनाने १२ डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला. त्याच वर्षी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. संमती, नुकसानभरपाई, नोंदणी यांचे नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये नवे नियम लागू झाले. काही समव्यवसायी म्हणतात, या गोंधळाने संशोधनाचं नुकसान झालं. मला ते पटत नाही. ज्याला समजावून न सांगता चाचणीत घेतलं, त्याच्या पुतण्याने पुढच्या चाचणीला का यावं? त्या भावाला मी कागद दाखवला, हे नेहमीचं, सरकारी दवाखान्यातलं औषध आहे हे सांगितलं, आणि चाचणी असती तर तुमच्या बहिणीला 'नाही' म्हणता आलं असतं, हेही.

गोव्याचं उत्तर नालछ्याला लागू पडेल का, हे खुर्चीत बसून ठरवता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं; आमच्या फलियांत चित्र वेगळं नाही. गोव्यातला रुग्ण आठ भेटींना घरी सापडतो. आमचा दिवाळीनंतर गुजरातेत असतो. म्हणून एका चाचणीचा आराखडा मी लिहून काढते आहे. गोळी दोन्ही गटांना उपलब्ध. बोलण्याचा उपचार चिठ्ठीने, आशाच्या तोंडून, निमाडी आणि भिलीत. काय मोजणार ते आधीच चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाहीर करायचं, म्हणजे निकाल लागल्यावर मोजपट्टी बदलता येणार नाही. नावनोंदणी जूनमध्ये, पेरणीसाठी माणसं परततात तेव्हा. सहा भेटी नवरात्राच्या आत संपवायच्या. आणि शेवटची मोजणी होळीआधी, भगोरिया या आदिवासी हाटांच्या आठवड्यात, कारण त्या हाटांना बडोदा-सुरतेहूनही माणूस घरी येतोच. नैतिकता समितीतल्या एकाने विचारलं की सणाच्या दिवसांत माणूस मुळातच खुशीत असेल, मग गुण आपोआपच खाली येणार नाहीत का? येतील, पण दोन्ही गटांचे येतील.